क्लीव्हलंडच्या लोहखाणी आणि त्यांतील मृत्यू

इंग्लंडच्या ईशान्य भागात, टीझ नदीच्या मुखाजवळ, मिडल्सब्रो नावाचे नगर आहे. १८३१ साली तेथे अवघी १५४ माणसे राहत असत. १८६१ साली ही संख्या सुमारे १९,००० वर गेली. ह्या वाढीचे मुख्य कारण नगराच्या दक्षिणेकडील क्लीव्हलंडच्या टेकड्यांत दडलेले होते. १८५० च्या जूनमध्ये जॉन मार्ले ह्या खाणतज्ज्ञास एस्टन येथे लोहखनिजाचा जाड थर आढळला, आणि पुढील तीस-पस्तीस वर्षांत तेथील खाणींचे उत्पादन वर्षाला साठ लाख टनांहून अधिक झाले. हे खनिज बाहेर काढताना किती माणसे दगावली, ह्याची आठवण मात्र त्या मानाने फार थोडी राहिली.

गोव्यातील खनिजाच्या उघड्या खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी ते चित्र क्षणभर बाजूस ठेवावे. क्लीव्हलंडचा थर टेकडीच्या पोटात शिरलेला असल्यामुळे बहुतेक काम जमिनीखाली चाले. थरात आडवेउभे बोगदे खोदीत जावयाचे आणि त्यांच्यामध्ये खनिजाचेच चौकोनी ठोकळे खांब म्हणून उभे ठेवावयाचे, अशी तेथील पद्धत होती. वरील भार हे खांब पेलीत. परंतु खांबांतही खनिज असे, आणि ते सोडून देणे मालकास परवडणारे नव्हते. म्हणून एका भागातील बोगदे पुरे झाले की खांबही पोखरून काढीत आणि मागील छत कोसळू देत. लाकडी धिऱ्यांच्या आधाराने माघार घेत घेत करावयाचे हे काम सर्वांत जोखमीचे होते.

‘छत’ हा शब्द आपण घरावरून घेतला आहे. पण खाणीचे छत कोणी बांधलेले नसते. क्लीव्हलंडच्या थरावर शेल नावाचा पापुद्रे असलेला दगड आहे. वहीची सुटी पाने दोन हातांत आडवी धरली तर ती लगेच वाकतात; तीच पाने खळीने चिकटवून पुठ्ठा केला तर तो ताठ राहतो. शेलचे पापुद्रे एकमेकांस धरून असतात तोवर छत पुठ्ठ्यासारखे वागते. खालचा आधार काढला की ते किंचित लवते, पापुद्रे सुटू लागतात आणि खालचा पदर स्वतःच्या वजनाने कोसळतो. अनुभवी कामगार पहारेने छत ठोकून पाही. बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो, तसाच हा प्रकार. खणखणीत आवाज आला तर छत धड. बद्द आला तर पदर सुटला असे समजावे. परंतु सुटलेला दगड जाड असेल तर तोही खणखणीत वाजतो, आणि आतली भेग मेणबत्तीच्या उजेडात दिसत नाही. ही परीक्षा नेहमीच उपयोगी पडे असे नाही.

त्यात मजुरी दर टनामागे मिळे. छत ठोकण्यात गेलेली दहा मिनिटे कोणत्याही गाडीत भरली जात नसत. म्हणून अशा मृत्यूंचे खापर केवळ कामगाराच्या निष्काळजीपणावर फोडणे प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाही.

दुसरे मोठे कारण सुरुंगाचे. दगडात भोक पाडून त्यात काळी दारू ठासीत. लोखंडी सळई दगडावर घासली तर ठिणगी उडे आणि दारू ठासणाऱ्याच्या तोंडासमोरच पेट घेई. उडाला नाही म्हणून उकरून पाहिलेला सुरुंग तर अधिकच घातक. १८७२ च्या कायद्याने ह्या कामी लोखंडी व पोलादी सळईस मनाई केली आणि न उडालेला सुरुंग उकरू नये असे बजावले. ह्याखेरीज घोड्यांनी ओढावयाच्या भरलेल्या गाड्यांखालीही माणसे आणि मुले सापडत. बारा वर्षांखालील मुलांना खाणीत उतरविण्यास त्याच कायद्याने, काही अपवाद सोडून, बंदी केली.

मग ह्या मृत्यूंचा गाजावाजा का झाला नाही? १८६६ च्या डिसेंबरात बार्न्सलीजवळील ओक्स ह्या कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायूचा स्फोट होऊन साडेतीनशेहून अधिक माणसे मेली, आणि सारे राष्ट्र हादरले. हा वायू मुख्यतः कोळशाबरोबर येतो. लोहखाणीत तो सहसा नसल्यामुळे असे महास्फोट तेथे विरळा. तेथे माणूस एकेकटा मरे: आज ह्या खाणीत एक, काही आठवड्यांनी शेजारच्या खाणीत दुसरा. मृत्युचौकशीत ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय होई आणि प्रकरण मिटे. कोळशाच्या खाणींतही दगड कोसळून मेलेल्यांची एकूण संख्या स्फोटांत मेलेल्यांहून अधिक भरते. फक्त ती एका दिवसात भरत नाही.

१८७२ च्या कायद्याने थरांच्या रूपातील लोहखनिजाच्या खाणींना कोळशाच्या खाणींचेच नियम लागू केले. प्राणघातक अपघाताची लेखी सूचना निरीक्षकास चोवीस तासांच्या आत देणे मालकावर बंधनकारक झाले, आणि एकेकट्या मृत्यूचीही सरकारी दप्तरात नोंद होऊ लागली. मृताच्या कुटुंबास भरपाई मिळणे मात्र दीर्घकाळ कठीणच होते. अपघात सहकाऱ्याच्या चुकीने झाला असेल तर मालक जबाबदार नाही, असे न्यायालयांचे मत १८३७ पासून रूढ होते. १८८० च्या कायद्याने ते काहीसे सैल केले. पुढे १८९७ च्या कायद्याने, चूक कोणाची हे न पाहता, मृताच्या आश्रितांना तीन वर्षांच्या मजुरीइतकी किंवा १५० पौंड, ह्यांपैकी जी अधिक ती रक्कम द्यावी असे ठरविले. कमाल मर्यादा ३०० पौंडांची होती.

क्लीव्हलंडमधील शेवटची लोहखाण, नॉर्थ स्केल्टन, १९६४ च्या जानेवारीत बंद झाली. स्किनिंग्रोव्ह येथील जुन्या खाणीच्या जागी पुढे ह्या खाणकामाचे संग्रहालय उभे राहिले.