पूल टेबलाभोवतीची मोकळी जागा

पूल टेबलाभोवतीची मोकळी जागा म्हणजे घरात पूल टेबल बसवताना क्यू, म्हणजेच खेळण्याची काठी, अडथळ्याविना चालवता यावी म्हणून टेबलाच्या चारही बाजूंना सोडलेली जागा होय. खोलीचे किमान माप टेबलाच्या आकारापेक्षा क्यूच्या लांबीवर अधिक अवलंबून असते.

== मोजमाप ==
पांढरा चेंडू कुशनला चिकटलेला असून तो काटकोनात मारायचा असेल, तेव्हा सर्वाधिक जागा लागते. तिरक्या फटक्याला भिंतीच्या दिशेने त्याहून कमी अंतर पुरते. अशा काटकोनी फटक्यात जवळजवळ संपूर्ण क्यू कुशनच्या बाहेर असतो. प्रचलित क्यूची लांबी सुमारे १४७ सेंमी (५८ इंच) असते. फटक्यापूर्वी तो मागे खेचण्यासाठी आणखी १५ सेंमी धरल्यास कुशनच्या आतल्या कडेपासून भिंतीपर्यंत १६२ सेंमी अंतर हवे. हे अंतर टेबलाच्या बाहेरील लाकडी कडेपासून मोजण्याची गरज नाही.

घरगुती ‘आठ फुटी’ टेबलाचे प्रत्यक्ष खेळाचे क्षेत्र साधारणपणे २२४ × ११२ सेंमी असते. दोन्ही बाजूंना १६२ सेंमी मिळवल्यास खोली ५४८ × ४३६ सेंमी, म्हणजे सुमारे १८ × १४.३ फूट भरते. अशा टेबलासाठी अनेकदा १७ × १३.५ फूट खोली पुरेशी असल्याचे सांगितले जाते. त्या मापात क्यू जेमतेम मावतो, मात्र मागे खेचायला जागा उरत नाही. नऊ फुटी टेबलासाठी (२५४ × १२७ सेंमी) याच हिशोबाने ५७८ × ४५१ सेंमी जागा लागते. पूर्ण आकाराच्या स्नूकर टेबलाला तर सुमारे ६.८ × ५ मीटरचे दालन हवे.

== जागा अपुरी असल्यास ==
बहुधा खोलीची रुंदीच कमी पडते. अशा वेळी खेळाडू क्यूचे मागचे टोक उचलून मारतो. त्यामुळे चेंडूवर वरून आघात होऊन तो किंचित उसळतो किंवा वळतो, आणि सरावात चुकीची सवय लागते. अडचणीच्या बाजूसाठी १२२ सेंमीचा (४८ इंची) आखूड क्यू ठेवणे हा रूढ उपाय आहे. मात्र त्याचा तोल आणि वजन वेगळे असते. प्रत्येक फटक्यालाच तो वापरावा लागत असेल, तर सात फुटी टेबल घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

खोलीतील एखादा खांब, आत उघडणारे दार किंवा उंच कपाटही भिंतीइतकेच अडवते. टेबलाची कड जमिनीपासून सुमारे ७४ ते ७९ सेंमी उंच असल्याने भिंतीलगतचे बुटके बाक मात्र सहसा क्यूच्या आड येत नाही. पाटीच्या दगडाचे टेबल कित्येकशे किलो वजनाचे असते आणि बसवल्यावर त्याची पातळी जुळवावी लागते. ते नंतर सरकवणे सोपे नसल्याने टेबल आणण्यापूर्वीच जमिनीवर खेळाचे क्षेत्र खडूने आखून त्याच्या प्रत्येक बाजूला प्रत्यक्ष क्यू धरून पाहतात.