सायन्स सेंटरला निघण्याआधी दोन कुलपं शोधा

लालबागच्या एका वाचक आजींनी विचारलंय, "मे महिन्यात नातवंडं येणार आहेत. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर एका दिवसात बघून होईल का?"

नाही होणार, आणि तशी गरजही नाही. एक दालन आणि बाहेरचं विज्ञान उद्यान, एवढंच ठरवून जा. ऑक्टोबर २०२५मध्ये मेट्रो-३ कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून 'सायन्स सेंटर' हे गिरगावहून चौथं स्टेशन आहे आणि दादरहूनही चौथंच! लालबागहून मात्र सातरस्त्यामार्गे टॅक्सी बरी.

खरी तयारी घरात करायची. दोन खुर्च्यांच्या मध्ये सुतळी थोडी सैलसर बांधा. तिला सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन सारखी कुलपं वीतभर अंतरावर टांगा. एका कुलपाला सुतळीच्या आडव्या दिशेनं झोका द्या आणि हात मागे घ्या. त्याचा झोका हळूहळू मंदावतो आणि कुणी हातही न लावलेलं दुसरं कुलूप डोलू लागतं. मग पहिलं जवळजवळ थांबतं, दुसरं ऐन भरात येतं, आणि सगळं उलट फिरतं. ऊर्जा सुतळीवाटे येरझारा घालत असते. आता एका दोरीला गाठ मारून ती बरीच आखूड करा. दोघांच्या झोक्यांचा काळ जुळेनासा होतो आणि ही देवाणघेवाण जवळपास बंद पडते. मी हे कितीतरी वेळा केलंय. दुसरं कुलूप हलायला लागलं की अजूनही अंगावर काटा येतो.

अशा हाताळून शिकण्याचा विषय निघाला की मला फ्रँक ओपनहायमर आठवतो. सिनेमामुळे थोरला भाऊ रॉबर्ट घराघरांत पोचला, धाकटा मागेच राहिला. हाही भौतिकशास्त्रज्ञ, अणुबाँबच्या प्रकल्पात होता. पूर्वीच्या कम्युनिस्ट सभासदत्वापायी १९४९मध्ये विद्यापीठातली नोकरी गेली, तेव्हा कोलोरॅडोत गुरं पाळली. पुढे तिथल्याच शाळेत शिकवू लागला आणि पोरांना चक्क भंगाराच्या ढिगावर नेऊन यंत्रांचे सुटे भाग हाताळायला दिले. त्यातूनच १९६९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' उभं राहिलं. विज्ञान संग्रहालयांचा इतिहास सांगताना त्याचं नाव आधी घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे वरळीत १९७७मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरच्या दालनानं सुरुवात झाली. १९७९ या बालवर्षात उद्यान आलं, आणि संपूर्ण केंद्राचं उद्घाटन १९८५मध्ये झालं.

जेवून निघा. कुठलंही बटण दाबण्याआधी नातवंडांना "आता काय होईल?" एवढंच विचारा, उत्तर चुकलं तरी सांगू नका, यंत्रच सांगेल. आणि एखादं पोर एकाच यंत्रापाशी अर्धा तास रेंगाळलं, तर त्याला पुढे ओढू नका. उरलेली दालनं पुढच्या सुट्टीत.