समुद्र म्हणजे गावची विहीर नव्हे

आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. इथली मुलं पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला डबा बांधून. अनेकांना समुद्र पहिल्यांदा दिसतो तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीवर अभिवादन करून दादरच्या चौपाटीवर गेल्यावर. नाहीतर शाळा-कॉलेजच्या कोकण सहलीत. विहिरीत सूर मारणाऱ्याला वाटतं, आपल्याला पोहता येतं, मग भीती कसली? घात इथंच होतो. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं पाणी चालतं.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळही नव्हतं.

पाणी ओढतं कसं?

लाट वाळूवर चढते आणि तेच पाणी उताराने परत फिरतं. पायाखालची वाळू सरकते, तोल जातो. ही ओढ काही क्षणांची असते. पण लहान मूल किंवा ओल्या साडीतली बाई गुडघाभर पाण्यातही पडू शकते.

दुसरा प्रकार जास्त घातक. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी कुठंतरी अरुंद वाट काढून जोराने आत परततं. याला 'रिप करंट' म्हणतात. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. त्याच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत, गढूळ किंवा गडद दिसतो, फेस आत जाताना दिसतो. नवखा माणूस नेमकी तीच 'शांत' जागा निवडतो.

सापडलात तर

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. बुडवतो तो थकवा आणि घाबरणं. म्हणून किनाऱ्याकडे सरळ पोहू नका. उताणे तरंगा, श्वास सांभाळा, हात वर करून हाका मारा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. पट्टा अरुंद असतो. बाहेर पडल्यावर लाटांबरोबर तिरकं किनाऱ्याकडे या.

काठावरच्यांनी मागोमाग उडी मारू नये. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं बुडतात, ते असंच. रिकामा कॅन, दोर, ट्यूब फेका. जीवरक्षकांना, कोळी बांधवांना हाक द्या. ११२ला फोन लावा.

माणूस बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं टांगू नका. त्यात वेळ जातो. श्वास चालू नसेल तर नाक दाबून तोंडाने पाच वेळा हवा द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि दोन श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

जाण्याआधी

भरती-ओहोटीमध्ये साधारण सहा तासांचं अंतर असतं आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सुरक्षित वाटलेली वेळ आज तशी नसते. पौर्णिमा आपल्याला उपोसथाची म्हणून ठाऊक आहे. समुद्रावर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पावसाळ्यात, अंधारात, दारू पिऊन किंवा लाल बावटा दिसत असताना पाण्यात उतरू नये. पाणी गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये. लहान मुलाचा हात सोडू नये.

गावातून गाडी निघण्याआधी विहारात पंधरा मिनिटं बसून हे सगळ्यांना सांगा. दर दहा माणसांमागे एकाने मोजणीची जबाबदारी घ्यावी, आणि किनाऱ्यावर उतरताच पहिला प्रश्न स्थानिक माणसाला विचारावा: "दादा, इथं पाण्याला ओढ कुठं आहे?"