हॉलमार्क असला की भाव जास्त मिळतो?

दागिना मोडायला निघालेल्या बहुतेक घरांत एक समजूत पक्की असते: हॉलमार्क आहे, म्हणजे भाव चढाच मिळणार. तसं होत नाही. हॉलमार्कने सोनं गुंजभरही वाढत नाही. २२ कॅरेटच्या दहा ग्रॅम साखळीत चोख सोनं ९.१६ ग्रॅम असतं. शिक्का असो वा नसो, तेवढंच. हॉलमार्कमुळे फरक पडतो तो एवढाच की समोरच्या सराफाला ‘हे कमी कसाचं दिसतंय’ असं सहजासहजी म्हणता येत नाही. आणि मोडीत गिऱ्हाईक सर्वांत जास्त नाडलं जातं ते याच वाक्याने.

वीस ग्रॅमच्या पाटल्या धरा. २२ कॅरेटच्या असतील तर त्यात चोख सोनं १८.३२ ग्रॅम. कागद नाही, शिक्का नाही, म्हणून ‘एकवीस धरू’ असं ठरलं की तेच सोनं १७.५ ग्रॅमवर येतं. नुसत्या बोलण्याबोलण्यात पाऊण ग्रॅमहून जास्त चोख सोनं गेलं! त्यावर पुन्हा आटवताना धरली जाणारी घट वेगळी.

दागिन्यावर ९१६ कोरलेलं दिसलं की तोच हॉलमार्क, हाही असाच एक समज. नुसता आकडा कोणीही ठोकू शकतो. जुलै २०२१ पासूनच्या हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, ‘२२के९१६’सारखी शुद्धतेची नोंद आणि अक्षरं-आकडे मिळून सहा स्थानांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक त्या एकाच दागिन्याचा असतो. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की दागिना कोणता, कस किती आणि तपासणी कोणत्या केंद्रात झाली हे दिसतं. अ‍ॅपमध्ये ‘अंगठी’ आणि हातात बांगडी असेल, तर तिथेच थांबावं. जुलै २०२१ आधीचा चार खुणांचा हॉलमार्कही ग्राह्यच आहे. तो बाद झाला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ‘केडीएम’ हा मात्र शुद्धतेचा दाखला कधीच नव्हता. जोड झाळायला कॅडमियम वापरलं जाई, त्यावरून पडलेलं ते नाव. आणि त्याचा धूर कारागिरांच्या जिवावर उठणारा.

आता आजीच्या दागिन्यांचं. हॉलमार्क सक्तीचा झाल्यावर अनेकांनी घाबरून जुनं सोनं मिळेल त्या भावाला काढलं, याचं मला फार वाईट वाटतं. सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, तुमच्या कपाटातल्या डब्यावर नाही. बिगर-हॉलमार्क दागिना तुम्ही विकू शकता आणि सराफ तो घेऊ शकतो. फक्त पेढीची पायरी चढण्याआधी मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात जा. चार दागिन्यांपर्यंत तपासणीचं शुल्क २०० रुपये ठरवून दिलेलं आहे. तो अहवाल हातात असला की ‘एकवीस धरू’चा प्रश्नच उरत नाही.

बोरमाळ आणि कोल्हापुरी साज यांची गोष्ट थोडी वेगळी. यांचे मणी पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. कस तपासणाऱ्या यंत्राखाली धरलं की ते वरच्या पत्र्याचा कस दाखवतं. आत लाख किती, हे त्याला कळत नाही. हॉलमार्कही कसाची ग्वाही देतो, वजनाची नाही. म्हणून हॉलमार्क असला तरी पावती जपावी लागते. बिलावर प्रत्येक दागिन्याचं सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्किंगचं शुल्क स्वतंत्र लिहिलेलं असायला हवं. मोडताना लाख, खडे, मोती वजा होणारच; किती वजा करायचे याचा वाद पावतीवरच मिटतो.

घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी मात्र परत येत नाहीत, मग हॉलमार्क कितीही चोख असो. नक्षीकाम जितकं बारीक तितकी मजुरी जास्त, आणि मोडीत ती शून्य. हिऱ्याची अंगठी बहुधा १८ कॅरेटची, म्हणजे ७५० कसाची. तिला वर्तमानपत्रातला २४ कॅरेटचा भाव लावून मनात मांडे खाऊ नयेत. आणि हॉलमार्कचा दागिना घेतला त्याच दुकानात विकावा लागतो, हेही खरं नाही. कुठल्याही पेढीवर दाखवा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

हॉलमार्क असूनही कस कमी निघाला, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. कमी भरलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ज्याने दागिना विकला त्याच्याकडून मागता येतो. त्यासाठी तो दागिना मात्र शाबूत हवा. ‘आधी आटवून बघू, मग भाव सांगतो’ याला भाव आणि घट ठरल्याशिवाय हो म्हणू नका. आटवल्यावर हाती येणाऱ्या लगडीवर एचयूआयडी उरत नाही, आणि पावतीवरची बांगडी हीच होती हे सिद्ध करायला काही राहत नाही.