कापडाचा फोटो : रोल की डिजिटल?
व्यापारी बंधूंनो, कॅटलॉगमध्ये रंग एक आणि ठाणात दुसरा निघाला की माल परत येतो, हे आम्ही कापडवाले चांगलेच जाणतो. रोलच्या जमान्यात १२० च्या रोलवर ६ बाय ६ चे १२च फोटो निघत. रोल धुऊन येईपर्यंत मॉडेल घरी गेलेली असे. डिजिटलमध्ये चूक जागेवरच दिसते. मात्र बारीक विणीच्या कापडावर नसलेल्या लहरी उमटतात, कारण सेन्सरची जाळी आणि धाग्यांची वीण एकमेकींत अडकतात. फिल्मचे कण विस्कळीत, त्यामुळे फोटो घेताना हा त्रास नव्हता. आम्ही फोटोग्राफरला पहिल्या फोटोत करडे कार्ड ठेवायला लावतो आणि रॉ फाइलच मागतो. रंग नंतर त्यावरूनच जुळवता येतो. स्क्रीनवर भरवसा नको, छापील प्रूफ ठाणाशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहा.