छपराखालचा खेळ

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, रावेरच्या उघड्या मैदानावर बास्केटबॉल? नको रे बाबा! पारा ४५ च्या आसपास, कोर्टवर पाय ठेववत नाही आणि चेंडूही भलताच उसळतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत हवा भरलेला चेंडू ४५ अंशांत आणला, की मापकावरचा दाब साधारण एक-तृतीयांशाने वाढतो. तापलेल्या हवेचे कण आतून जास्त जोरात धडका देतात ना!

गंमत म्हणजे हा खेळ जन्मला थंडीमुळे. डिसेंबर १८९१. अमेरिकेत स्प्रिंगफील्डला बाहेर हिवाळा, आत कंटाळलेली पोरं. त्यांचे शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. मिळाल्या पीचच्या टोपल्या. (रावेरला असते, तर केळीचे क्रेट मिळाले असते!) त्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा होता १० फुटांवर, म्हणून आजही रिंग ३.०५ मीटर उंच. टोपलीला बूड होतं, त्यामुळे चेंडू काढायला कुणीतरी शिडी चढायचं!

पुढे १८९८ मध्ये नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले. तिथे आज ॲलन फील्डहाऊस आहे. १९५५ मध्ये उघडलेलं, पंधरा हजारांवर प्रेक्षक मावणारं बास्केटबॉलचं घर. नाव नेस्मिथ यांचे विद्यार्थी फॉग ॲलन यांचं. मोठ्या सामन्याआधी चांगली जागा मिळावी म्हणून मुलं पाळीपाळीने रांग राखतात. अभ्यासही तिथेच.

आणि आवाज! १३ फेब्रुवारी २०१७ ला इथल्या प्रेक्षकांच्या आरोळीची विक्रमी नोंद झाली १३०.४ डेसिबल. आपलं बोलणं सुमारे ६० डेसिबल. फरक दुपटीचा वाटतो? छे! दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे ही आरोळी बोलण्याच्या एक कोटी पटीहून जास्त. एवढ्या आवाजात कान कायमचे बिघडू शकतात, त्यामुळे त्या विक्रमाचं मला फारसं कौतुक नाही.

एवढ्या आवाजाला छपराचाही हातभार. उघड्यावर आवाज चहूकडे पांगतो. बंद जागेत तो भिंतींवर, छतावर आपटून पुन्हा पुन्हा कानांवर येतो.

करून बघा. मैदानात एक टाळी वाजवा, मग शाळेच्या रिकाम्या सभागृहात तशीच दुसरी. फक्त शेजारच्या वर्गात परीक्षा चालू नाही ना, ते आधी बघा!