पोटातला गोळा आणि अंगावरची उचल

डोकं जड झालंय. छातीत धडधडतं. हातापायाला मुंग्या येतात. अन्न गोड लागत नाही. रात्री तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार, बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातल्या दवाखान्याच्या बाकावर तासभर बसलं की ही वाक्यं कानावर पडतात. ‘मला ताण आलाय’ असं कुणी म्हणत नाही. ‘टेन्शन’ हा शब्द आलाच तर अगदी शेवटी, चप्पल पायात सरकवताना येतो. तोवर सलाईन लावून झालेलं असतं.

लोक काही लपवत नसतात. ताण त्यांना जिथे जाणवतो तिथेच ते बोट ठेवतात. आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखलं आहे. वाईट बातमी कळली की पोटात गोळा येतो, तोंडचं पाणी पळतं, पाय गळतात, हातपाय गार पडतात. आपण याला वाक्प्रचार म्हणतो, पण यातला शब्दन् शब्द शरीरात खरोखर घडतो.

वॉल्टर कॅनन हे अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्ष-किरणांखाली मांजरांचं पचन पाहत होते. मांजर घाबरलं की जठराची हालचाल थबकते, हे त्यांना दिसलं. कारण सरळ आहे. समोर धोका दिसला की मेंदू मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींना इशारा देतो आणि काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं. पळायचं किंवा लढायचं असेल तर भाकरी पचवण्याची घाई नसते. म्हणून पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, लाळ आटते, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हात गार पडतात. श्वास भराभर चालतो. शरीर हालत नसताना श्वास असाच चालू राहिला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. त्या मुंग्यांना लोक ‘कमजोरी’ म्हणतात आणि ताकदीचं इंजेक्शन मागतात.

ही व्यवस्था थोड्या वेळाच्या संकटासाठी आहे. साप दिसला, बाजूला झालो, साप गेला, धडधड थांबली. उचलीचं, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या रकमेचं, तसं नाही. बीडमधून दरवर्षी लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाच्या आधीच टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यांत संपते. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला चिकटते. कामाला दांडी पडली की खाडा धरून पैसे कापले जातात. ट्रक रात्री कधीही येतो आणि अर्धी झोप मोडून मोळ्या भराव्या लागतात. असा धोका रोज उशाशी असला की शरीर इशारा बंद करायलाच विसरतं. कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरक दिवसेंदिवस चढं राहतं, मान-खांदे आवळलेले राहतात, झोपेत दात खाल्ले जातात, कपाळाभोवती पट्टा बांधल्यासारखं डोकं दुखतं, छातीत जळजळतं. पाळीचं चक्र मेंदूच्या ज्या भागाकडे असतं, त्याच भागातून ताणाचा इशाराही निघतो, म्हणून पाळी पुढेमागे होते.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण बायकांच्या दुखण्याला या जिल्ह्यात काय उत्तर मिळालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ जणींची गर्भाशयं काढण्यात आली, असं जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. नंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ओटीपोटात दुखतं, अंगावरून जातं, कंबर मोडते अशी त्यांची गाऱ्हाणी होती. ती सगळी ताणाची होती असं मी म्हणणार नाही. डोक्यावरचं ओझं, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, शौचालय नसणं, पाळीच्या दिवसांतही न मिळणारी विश्रांती, अंगावर काढलेला जंतुसंसर्ग हे सगळं त्यात होतं. पण ‘बाई, हे कधीपासून? तेव्हा काय चाललं होतं?’ हा प्रश्न विचारायला वेळ नव्हता आणि सुरी मात्र तयार होती. हा अन्याय होता. शिवाय पिशवीबरोबर बीजकोशही गेले असतील तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते आणि अंगातून वाफा निघणं, धडधड, झोप उडणं सुरू होतं. म्हणजे ज्या तक्रारी घेऊन ती दवाखान्यात गेली, त्यांत नव्यांची भर घेऊन ती परत फडात उभी राहते.

उलटी चूकही तितकीच घातक आहे. छातीत दाटून आलं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात उतरलं, दरदरून घाम फुटला, तर ‘टेन्शन असेल’ म्हणत घरी बसू नये. आधी ईसीजी काढावा. धडधड आणि थकवा रक्त कमी असल्याने किंवा थायरॉइडनेही येतो. रक्त तपासून घेतलं की बराच उलगडा होतो.

तपासण्या ठीक आल्या आणि दुखणं तसंच राहिलं, तर त्याची वेळ पाहावी. बँकेच्या हप्त्याच्या आदल्या रात्री दुखतं का? मुकादमाचा फोन आला की? पावसाने ओढ दिली, दुबार पेरणीची वेळ आली तेव्हा? दुखणं हटकून अशा वेळी येत असेल तर ते खोटं नसतं. ते अंगातच असतं, मूळ मात्र दुसरीकडे असतं. त्या क्षणी श्वास सावकाश सोडणं, घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडणं, यानेही हृदयाची गती उतरते. कर्ज त्याने फिटत नाही, पण रात्र निघते.

पुढची मदत जिल्ह्यातच आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आहे आणि त्यात आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात. १४४१६ या टेलीमानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही मराठीत, मोफत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर उद्याची वाट न पाहता आजच हा क्रमांक लावावा.

दवाखान्यात गेलात तर कुठे दुखतं ते सांगाच, पण कधीपासून दुखतं आणि त्या दिवसांत घरात काय घडलं, तेही सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि हे टोळी निघायच्या आधी करा. एकदा कोपीवर गेल्यावर दवाखाना लांब पडतो आणि गेल्याचा खाडाही पडतो.